मेथीच्या डब्यातल्या गोळ्या

६ एप्रिल २०२१, मंगळवार

आजपासून तब्येतीची दैनंदिनी. इंदूरहून मोनालीचा फोन आला. म्हणाली, "पप्पा, इकडे हालत खूप खराब आहे. मम्मीला आणि तुम्हाला हात जोडून सांगते, घराबाहेर पडू नका." पोरगी घाबरट आहे, आईवर गेली. मी तिला म्हटलं, अख्खी नोकरी मी शाळेत पोरांकडून कवायत करून घेतली, माझ्या घरात शिरायला आजाराला परवानगी लागते. ती हसली नाही.

तरी सावध राहायला हवं. शत्रू दिसत नसला की प्रत्येकावर नजर ठेवावी लागते. सकाळी दूधवाला दोनदा खोकला. विचारलं तर म्हणतो, "मास्साब, बीडी का है." बिडीचा खोकला असा कोरडा नसतो. उद्यापासून पातेलं पायरीवर ठेवायचं, त्याने लांबूनच दूध ओतायचं.

घराचा कार्यक्रम ठरवला आणि लीलाला वाचून दाखवला. उजाडताच दोघांनी गच्चीवर सूर्यनमस्कार. मग काढा: आलं, तुळस, मिरी, दालचिनी, हळद आणि भरपूर गूळ, कारण गुळाशिवाय काढा अंगी लागत नाही. न्याहारीला केळी आणि खजूर. केळ्यांना आपल्या बऱ्हाणपुरात काय तोटा. संध्याकाळी मधाचं पाणी. लीलाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला गूळ नको. पित्त होतं."

इतक्या वर्षांच्या संसारात तिला गुळाने पित्त झालेलं मला आठवत नाही. तिचं माहेर रावेरचं. पुरणपोळीवर गुळवणी घेऊन वाटी चाटून पुसून ठेवणारी बाई. काहीतरी वेगळं आहे.

९ एप्रिल, शुक्रवार

राजघाटावर माझा प्राणायामाचा वर्ग छान चाललाय. मोहल्ल्यातली सात-आठ माणसं येतात. समोर तापी, मोकळी हवा. नाकावर फडकं बांधून भस्त्रिका करणं म्हणजे दार लावून झाडू मारणं. मी सगळ्यांना मास्क खिशात ठेवायला लावले.

गोटूसेठ भस्त्रिका करताना सारखे खोकत होते. मी त्यांना रांगेतून बाजूला घेतलं. म्हणाले, "कल रात दही खा लिया था मास्साब." चांगलं फैलावर घेतलं त्यांना. या वयात रात्री दही! मग त्यांना माझ्याच बाजूला बसवलं, म्हणजे श्वास नीट घेतात की नाही ते बघता येईल.

घरी आलो तर लीला म्हणाली, "तुम्ही घाटावर जाणं बंद करा. मोनाली ओरडेल."

मी घराबाहेर असावं की नसावं, याची तिला एकदम काळजी का? मी गेलो की ती गच्चीवर जाते आणि शेजारच्या ज्योत्स्नाबाईंशी कठड्यावरून बोलत बसते. ज्योत्स्नाबाई तहसीलीत बाबू आहेत. उद्या कर्फ्यू लागला तरी त्या गळ्यात ओळखपत्र घालून स्कूटीवर गावभर फिरणार. असल्या माणसापासून कमीत कमी दोन कठड्यांचं अंतर पाहिजे.

एक चांगली गोष्ट. लीलाच्या बांगड्या सैल झाल्यात, ब्लाऊजही ढगळ दिसतो. कार्यक्रमाचा असर इतक्या लवकर दिसेल असं वाटलं नव्हतं.

१३ एप्रिल, मंगळवार

पाडवा. गुढी उभारली, रस्त्यावर मात्र माणूस नाही. पॉवरलूमची खडखड बंद झाल्यापासून मोहल्ला ओळखू येत नाही.

लीलाने कडुलिंबाची पानं मूठभर खाल्ली, तोंड वाकडं न करता. श्रीखंडाला बोट लावलं नाही. मी मावा जिलेबी मुद्दाम मागच्या दाराने मागवली होती, तीही तशीच. म्हणते भूक नाही. मात्र पाणी सारखं पिते. माठ दिवसातून दोनदा भरावा लागतो. मी तिला सांगितलं, पाण्याने पोट भरलंस तर ताकद कुठून येणार? ती म्हणाली, "उन्हाळा आहे ना." उन्हाळा मलाही आहे.

तिला एक उदाहरणही दिलं. माझा धाकटा भाऊ नीट खात नव्हता, नीट हलत नव्हता, शेवटी शुगर घेऊन बसला. त्याच्या पोरीच्या लग्नात मी चार लोकांसमोर त्याला म्हटलंच होतं, शुगर हा आळशांचा आजार आहे. लीला उठून भांडी घासायला गेली.

माझं अंग आज थोडं मोडून आलंय. काल दंड जरा जास्त झाले. अंगही कोमट लागतं, पण ते व्यायामाने रक्त खेळतं म्हणून.

१५ एप्रिल, गुरुवार

आज दोन गोष्टी ध्यानात आल्या, दोन्ही चांगल्या नाहीत.

पहिली. लीलाचं स्वयंपाकात लक्ष नाही. वांग्याचं भरीत तोंडात घातलं तर माती खाल्ल्यासारखं. म्हटलं, मीठ घातलं नाहीस. म्हणाली, "घातलंय की." ठेचा घेतला तर जिभेला झोंबला, पण लसणाचा पत्ता नाही. हिंगाची डबी उघडून नाकाशी धरली, काहीच नाही. कर्फ्यूचा फायदा घेऊन दुकानदार काय वाटेल ते विकतायत. देवापुढची अगरबत्तीही तसलीच, नुसता धूर. उद्या त्या दुकानदाराला फोनवर सोडणार नाही.

दुसरी. काढा. मी गच्चीवरून उतरताना लीलाला मोरीत पेला उलटा करताना पकडलं. गेले किती दिवस हे चाललंय देव जाणे! मी विचारलं, "काय ओतलंस?" म्हणाली, "खालचा गाळ." गाळ इतका नसतो. यापुढे काढा माझ्यासमोर प्यायचा. आज दुपारी पाजला. तिने डोळे मिटून पेला संपवला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच काहीतरी चोरलंय.

नंतर कठड्यावर ज्योत्स्नाबाईंच्या हातातून काहीतरी तिच्या हातात गेलेलं मी जिन्याच्या जाळीतून पाहिलं. मी वर पोचेपर्यंत दोघी पापडांबद्दल बोलत होत्या.

१७ एप्रिल, शनिवार

सापडलं.

लीला अंघोळीला गेली होती. मी स्वयंपाकघरातले डबे बघितले. मेथीदाण्याच्या डब्यात हात घातला तर तळाशी छोटी प्लास्टिकची बाटली. चिठ्ठी नाही, नाव नाही. आत पांढऱ्या लांबट गोळ्या. मेथी तिने गुडघ्यांसाठी म्हणून सुरू केली होती, सकाळी भिजवून खाते. आता मेथी कशासाठी आणली होती ते कळलं.

ती केस पुसत बाहेर आली. मी बाटली ओट्यावर ठेवली.

"हे काय?"

तिचा चेहरा उतरला. "कॅल्शियमच्या आहेत."

"मग लपवल्या का?"

"तुम्हाला गोळ्या आवडत नाहीत म्हणून."

हे काही उत्तर झालं? आता सगळं जुळतं. भूक नाही, सारखं पाणी, अशक्तपणा, चालता चालता भिंतीला हात. तिला ताप येतोय आणि ती तापाच्या गोळ्या खाऊन तो दाबतेय, म्हणजे कोविड सेंटरवर नेऊ नये. गावात किती लोक असंच करतात, मोबाईलवर रोज वाचतो. आणि गोळ्या पुरवणार कोण, तर ज्योत्स्नाबाई. गावभर फिरून त्यांनीच आजार आणला असणार आणि औषधही त्याच देतायत.

मी थर्मामीटर लावला. ताप नाही. असणार कसा? गोळी घेतलीय ना.

बाटली मोरीत रिकामी केली आणि वरून बादलीभर पाणी सोडलं. लीला "अहो, थांबा, अहो" म्हणत हात धरायला आली. मी तिला लांब उभं राहायला सांगितलं. गोळी बंद झाली की ताप आपोआप बाहेर येईल. मग काय करायचं ते करू.

मागची खोली तिला दिली. संडास-मोरी आतच आहे, खिडकी बोळात उघडते, हवा चांगली. दाराला बाहेरून कडी लावली. तिच्याच भल्यासाठी. तिचा मोबाईल सॅनिटायझरने नीट पुसून घेतला. तेव्हापासून तो चालू होत नाही. नाहीतरी तिला विश्रांतीच हवी.

जिना चढताना मला थोडी धाप लागली. ऊन फार आहे.

१८ एप्रिल, रविवार

सकाळी काढा, खजूर, केळी दारातून आत सरकवली. लीला दाराच्या पलीकडे खाली बसली होती. म्हणाली, "ऐकून तर घ्या एकदा."

"बोल."

"मला शुगर आहे. दोन वर्षं झाली. त्या शुगरच्या गोळ्या होत्या. ज्योत्स्ना आणून देते. रोज घ्याव्या लागतात मला."

ती पुढे म्हणाली, "हे गूळ-केळी मला विष आहे हो. दुसरं काही द्या. आणि गोळ्या मागवा."

खोटं बोलणारा माणूस आधी एक सांगतो, पकडला की दुसरं. काल कॅल्शियम, आज शुगर. आजकाल शुगर म्हणवून घ्यायला कुणाला लाज नाही, कोरोना म्हणवून घ्यायची आहे. आणि शुगर कुणाला? लीलाला? जी बाई आयुष्यभर माझ्या घरात ज्वारीची भाकरी खाऊन राहिली, जिचं वजन उतरत चाललंय? शुगरवाले फुगतात. माझ्या भावाला बघावं.

मी म्हटलं, "लीला, काल तू कॅल्शियम म्हणालीस."

"भीतीने म्हणाले."

"कशाची भीती?"

ती म्हणाली, "पाणी द्या."

मधाचं पाणी दिलं. तिने एका दमात तांब्या संपवला आणि पुन्हा मागितला. मी मनात म्हटलं, बरं झालं, निदान मध तरी पोटात जातोय.

मोनालीचा फोन आला. मम्मी झोपलीय म्हणून सांगितलं. तिला उगाच कशाला घाबरवायचं?

१९ एप्रिल, सोमवार

ताप अजून बाहेर आलेला नाही. अंगात दबून बसलाय.

लीला सारखी झोपते. हाक मारली की "हं" म्हणते, डोळे उघडत नाही. सकाळी उलटी झाली. ताकद यावी म्हणून काढ्यात गूळ वाढवला, चमच्याने पाजला. ऑक्सिमीटर लावला, सत्त्याण्णव दाखवतो. मशीन स्वस्तातलं आहे, त्याच्यावर काय भरवसा ठेवायचा! स्वतःला लावून बघणार होतो, पण निरोगी माणसाने मशीन लावून घेणं म्हणजे वहम वाढवणं.

माझी भाकरी मी भाजतो. तिलाही चव नाही. म्हणजे दोष लीलाचा नव्हता, पीठच खराब आलंय.

गच्चीवर गेलो नाही. पायात गोळे आलेत.

२१ एप्रिल, बुधवार

काल लिहू शकलो नाही. आजही हात नीट चालत नाही, पण घडलं ते घडलं तसं लिहितो.

काल दुपारी ज्योत्स्नाबाईंनी कठड्यावरून हाक मारली. "सर, लीलाताई तीन दिवस दिसल्या नाहीत. फोनही बंद आहे."

"विश्रांती घेतेय."

"त्यांच्या गोळ्या संपत आल्या असतील. मी आणल्यात."

"कसल्या गोळ्या?"

"शुगरच्या. सांगितलं नाही त्यांनी तुम्हाला अजून?"

दोघींचं आधीच ठरलेलं असणार, असंच माझ्या मनात आलं. मी सरळ सांगितलं, "तुम्ही दिल्या होत्या त्या मी मोरीत टाकल्या. शनिवारी."

त्या कठड्यावरून दिसेनाशा झाल्या आणि आमच्या पुढच्या दारावर धडाधड थापा बसल्या. दार उघडलं तर दोन मास्क लावून उभ्या. मी दोन्ही हात आडवे केले. म्हटलं, "आत संसर्ग आहे."

"बाजूला व्हा सर."

विद्यार्थीही माझ्याशी या आवाजात कधी बोलले नव्हते. त्यांनीच कडी काढली.

लीला खाटेवर पडली होती. छाती भात्यासारखी वरखाली होत होती, शर्यतीत धावून आलेल्या पोरीसारखी. श्वास खोल, लांब. मी म्हटलं, "बघा, कोरोनाचा श्वास." ज्योत्स्नाबाई तिच्या तोंडाजवळ वाकल्या आणि झटकन वर झाल्या.

"हा कसला वास येतोय? अगदी सडक्या केळ्यासारखा. एवढा वास सुटलाय खोलीत, तुम्हाला येत नाही?"

"मला तर काही वास येत नाही."

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. "या वासाचा नाही, की कशाचाच नाही?"

मला प्रश्न कळला नाही. त्या देवघरात गेल्या, येताना मुठीत काहीतरी घेऊन आल्या. म्हणाल्या, "डोळे मिटा. हे काय आहे सांगा." मी मिटले. नाकाखाली काहीतरी धरलं होतं. मी जोरात श्वास ओढला. घाटावर लोकांना शिकवतो तसा. पोकळ हवा आत गेली.

"काही नाही," मी म्हणालो.

डोळे उघडले तर माझ्या नाकाला टेकलेला कापूर.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

मी तिथे उभा होतो आणि डोक्यात एकेक येत होतं. भरीत. ठेचा. हिंग. अगरबत्ती. पीठ. गावातल्या प्रत्येक दुकानदाराला मी चोर ठरवलं होतं. दूधवाल्याला, लीलाला, समोर उभ्या असलेल्या या बाईला. फक्त माझ्या नाकावर मी संशय घेतला नव्हता.

ज्योत्स्नाबाईंनी ऑक्सिमीटर माझ्या बोटाला लावला. लीलापेक्षा माझा आकडा खाली होता.

ॲम्ब्युलन्स मिळेना. शेवटी समाधानला फोन केला. माझाच विद्यार्थी, तापीकाठी केळीची बाग आहे त्याची. माल मंडीत नेतो ती पिकअप घेऊन तो आला. लीलाला त्याने आणि ज्योत्स्नाबाईंनी उचलून पुढे बसवलं, ज्योत्स्नाबाईंच्या खांद्यावर तिचं डोकं. मी दरवाजाकडे गेलो तेव्हा ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, "सर, तुम्ही मागे. लांब बसा."

मी मागच्या हौद्यात बसलो. वाळलेली केळीची पानं होती खाली. रस्त्याला कुत्रंही नव्हतं. काचेतून लीलाचं डोकं हलताना दिसत होतं, आणि प्रत्येक खड्ड्याला मी तिचं नाव घेत होतो.

दोन दवाखान्यांनी दारातूनच परत पाठवलं. तिसऱ्याने खाट दिली. मशीनवर तिची साखर मोजली तर आकडाच आला नाही, नुसती दोन इंग्रजी अक्षरं आली. म्हणजे मशीनला मोजता येईल त्याच्याही वर. डॉक्टर तरुण मुलगी आहे, हिमानी नाव. तिने मला व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला उभं करून विचारलं, "अंकल, गोळ्या कधी बंद केल्या? खाण्यात काय होतं?"

मी सांगितलं. गूळ, मध, खजूर, केळी. तिचं पेन थांबलं.

"हे कोणी सांगितलं होतं द्यायला?"

"मीच," मी म्हणालो.

२३ एप्रिल, शुक्रवार

माझा रिपोर्ट पॉझिटिव्ह. लीलाचाही. मला गोळ्या आणि पालथं झोपायचा सल्ला देऊन घरी पाठवलं. तिला इन्सुलिन आणि ऑक्सिजन सुरू आहे. ज्योत्स्नाबाई दोन वेळा तिथे जाऊन येतात. त्यांचा रिपोर्ट स्वच्छ आहे.

डॉक्टर हिमानींशी फोनवर बोललो. विचारलं, "डॉक्टर, तिला बाहेरून कुणाकडून झाला असेल?" खरं सांगायचं तर अजूनही मला वाटत होतं की त्या दुसऱ्या कुणाचं तरी नाव घेतील.

त्या म्हणाल्या, "आंटी घराबाहेर गेल्याच नव्हत्या ना? अंकल, तुमची लक्षणं आठवडाभर आधीची आहेत. आधी तुम्हाला झालाय."

गोटूसेठही दवाखान्यात आहेत असं कळलं.

२५ एप्रिल, रविवार

दिवसभर मागच्या खोलीत पडून होतो. दारापर्यंत समाधान डबा ठेवून जातो. खिडकीतून बोळाची भिंत दिसते, दुसरं काही नाही. लीला इथे तीन दिवस हीच भिंत बघत होती.

मोनालीने फोन केला. ज्योत्स्नाबाईंनी तिला सगळं सांगितलंय. तिने आधी माझी तब्येत विचारली, गोळ्या घेतल्या का विचारलं. मग म्हणाली, "पप्पा, कडी बाहेरून लावली होती?"

"हो."

फोन कटला. नेटवर्क गेलं असं मी स्वतःला सांगितलं. पुन्हा लावला तर तिने उचलला नाही.

दवाखान्याचा फोन आला की आता वेगळीच शंका येते. "स्टेबल आहेत" म्हणतात. खरं सांगतात की म्हाताऱ्याला धीर देतात? त्यांच्या आवाजात काही दडलंय का ते मी ऐकत बसतो. मग आठवतं की लीलाच्या आवाजात मी असंच ऐकत होतो, आणि ती खरं बोलत होती.

३० एप्रिल, शुक्रवार

काल लीलाची हालत बिघडली होती. ऑक्सिजन वाढवावा लागला. आज जरा खाली आणलाय. माझ्यापासून लपवलं नव्हतं, पण सांगितलं आज सकाळी. रात्री सांगितलं असतं तरी मी काय केलं असतं?

दंड, बैठका, प्राणायाम काही नाही. खाटेवरून मोरीपर्यंत जातो, परत येतो.

५ मे, बुधवार

लीला बोलली. ज्योत्स्नाबाईंच्या मोबाईलवरून.

आवाज बारीक, पण तिचाच. पहिलं वाक्य, "तुम्ही जेवलात का?"

मी म्हटलं, जेवलो. मग विचारलं, "दोन वर्षं का सांगितलं नाहीस?"

ती थकली होती, थांबत थांबत बोलली. "तुमच्या भावाला लग्नात सगळ्यांपुढे बोललात तेव्हा माझा रिपोर्ट माझ्या पर्समध्ये होता. नुकताच आला होता. त्या दिवशी सांगणार होते मी." मग म्हणाली, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मला मैदानावर उभं केलं असतं. सकाळ-संध्याकाळ. काय खाल्लं, किती खाल्लं, का खाल्लं. मला गोळी घेऊन गपचूप जगायचं होतं हो. एवढंच."

मी म्हणालो, "पण त्या दिवशी दाराआडून सांगितलंस..."

"सांगितलं ना," ती म्हणाली.

ज्योत्स्नाबाईंनी फोन घेतला आणि म्हणाल्या, आता त्यांना झोपू द्या.

१३ मे, गुरुवार

लीला घरी आली. समाधानच घेऊन आला, या वेळी कार होती. अर्धी राहिलीय. दोन पायऱ्या चढून बसली, दम खाल्ला, मग आत आली. मागच्या खोलीच्या दारापाशी थांबली. मी ती कडी पान्हा लावून काढून टाकली होती, तिथे नुसती भोकं दिसत होती. तिने त्यांच्यावरून बोट फिरवलं आणि पुढच्या खोलीत जाऊन पलंगावर बसली.

इन्सुलिन ती स्वतः घेते. ज्योत्स्नाबाईंनी शिकवलं. मी मदत करायला सुई हातात घेतली तर म्हणाली, "राहू द्या. माझं मी करते." बाटली तिने आपल्या उशाशी ठेवून घेतली होती. नंतर फ्रिजमध्ये ठेवायची असते म्हणून उठली, स्वतः जाऊन ठेवून आली. मला सांगितलं नाही.

१६ मे, रविवार

स्वयंपाक मी करतो. डॉक्टरांनी काय द्यायचं, किती द्यायचं ते समजावून सांगितलंय, आणि मी विचारल्याशिवाय त्यात काही घालत नाही. वास अजून पुरता आलेला नाही, म्हणून फोडणी जळते.

दुपारी ताट वाढून लीलापुढे ठेवलं. ज्वारीची भाकरी, दुधीची भाजी, मूग, ताक. ती ताटाकडे बघत बसली.

"यात काय काय आहे?"

घरी आल्यापासून प्रत्येक जेवणाला विचारते. मी सांगितलं. भाजीत दुधी, जिरं, हळद, मीठ. मुगात हिंग.

"गूळ?"

"नाही."

"भाजीत चिमूटभर? चवीला?"

"नाही, लीला."

मोनाली व्हिडिओवर होती. म्हणाली, "मम्मी, आता तरी पप्पांवर भरवसा ठेव ना."

"भरवसा आहे गं," लीला म्हणाली. "तरी विचारते."

आणि तिने भाकरीचा तुकडा मोडला, त्याला भाजी लावली आणि माझ्यापुढे धरला. "आधी तुम्ही."

मला राग यायला हवा होता असं कुणाला वाटेल. आला नाही. इतके दिवस ज्या नजरेने मी तिच्या पेल्याकडे, डब्यांकडे, थर्मामीटरकडे बघत होतो, ती नजर काय असते हे मला चांगलं माहीत आहे. ती एका दिवसात जात नाही.

मी घास घेतला. ती माझ्या तोंडाकडे बघत थांबली. मी चावला, गिळला. मग तिने ताट आपल्याकडे ओढलं आणि जेवायला सुरुवात केली.